कोप्यांवरचा नाताळ: २४ तारखेच्या वाटपाऐवजी आगमनकाळात काय करावं

प्रश्न तीन सिस्टरांच्या एका छोट्या कॉन्व्हेंटमधून आला आहे. अहिल्यानगर (जुनं अहमदनगर) जिल्ह्यात साखर कारखान्याच्या रस्त्याला दरवर्षी ऊसतोड कामगारांच्या साठेक कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. २४ डिसेंबरला सिस्टर तिथे ब्लँकेटं आणि केक वाटतात. दरवर्षी रेटारेटी होते, मुकादम (टोळीचा ठेकेदार) रुसतो आणि पुढच्या आठवडी बाजारात तीच ब्लँकेटं विकायला दिसतात. कुटुंबं बहुतेक ख्रिस्ती नाहीत. यंदा आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळापासून, नीट काम करायचं आहे, तर सुरुवात कुठून करावी, असं विचारलंय.

सिस्टर, आधी एवढं ठरवून टाका की २४ आणि २५ तारखेला वस्तू म्हणून काहीही द्यायचं नाही. अंथरूण, ताडपत्री, औषधपाणी, रेशनची खटपट, सगळं १६ डिसेंबरच्या आत उरकायचं. नाताळला फक्त जेवण, गाणी आणि गोठा (येशूजन्माचा देखावा). या भागात गारठा नोव्हेंबरच्या मध्यापासून पडतो, त्यामुळे २४ ला दिलेलं ब्लँकेट पाच आठवडे उशिरा पोचतं. शिवाय ज्या दिवशी तुम्ही वाटायला उभ्या राहता, त्या दिवशी समोरची माणसं पाहुणी राहत नाहीत, त्यांची रांग होते.

आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्ये कधीही येतो, म्हणून हा काळ कधी २२ दिवसांचा असतो तर कधी २८. बावीस दिवस पुरत नाहीत. काम दोन रविवार आधी, गरिबांच्या जागतिक दिनापासून धरा. २०१७ पासून तो चर्चच्या पंचांगातल्या सामान्य काळाच्या ३३व्या रविवारी पाळतात. फादरांना सांगून त्या दिवशीची वर्गणी आणि जुन्या सुती साड्या याच कामासाठी मागून घ्या. साड्या कशाला, ते पुढे येतंच.

कोप्यांवर जाण्याआधी त्या कुठल्या सेंटरच्या आहेत ते विचारा. बैलगाडीवाले, म्हणजे गाडी सेंटर, कारखान्याजवळ एका जागी तळ ठोकतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, तिथेच असतात. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या उसामागे गावोगाव फिरतात. तुमच्या कोप्या दरवर्षी त्याच रस्त्याला पडतात, म्हणजे बहुधा गाडीवाल्यांच्या. चार आठवड्यांचं काम त्यांच्यासोबतच जमतं. फिरत्या टोळीला पहिल्याच भेटीत जे द्यायचं ते द्यावं आणि पुढच्या मुक्कामाजवळच्या कॉन्व्हेंटला फोन करावा.

सगळ्यात मोठी चूक वेळेची होते. सकाळी अकराला गेलात तर म्हातारी माणसं आणि धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुली भेटतील. बायका पहाटे तीन-साडेतीनला उठून भाकऱ्या थापतात आणि उजाडायच्या आत जोडपी फडात असतात. तोडणी, मोळ्या बांधणं, गाडी भरणं झालं की गडी गाडी घेऊन कारखान्याच्या यार्डात नंबर लावतो. तो कधी मध्यरात्री मोकळा होतो. बाई साधारण सहाला कोपीवर येऊन चूल पेटवते. भेटायची वेळ साडेसहा ते साडेआठ, म्हणजे नेमकी तुमच्या संध्याप्रार्थनेची आणि जेवणाची. सुपिरियरांशी बोलून आगमनकाळापुरती संध्याप्रार्थना साडेपाचला घ्या. हे जमत नसेल तर बाकीच्या योजनेला अर्थ नाही.

दिवसा कार्यक्रमाला बोलावणं म्हणजे जोडप्याला खाडा. उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, फिटेपर्यंत सुट्टी नसते, आणि खाड्याचे पैसे त्याच हिशेबात चढतात. दुपारच्या 'ख्रिसमस प्रोग्रॅम'ला आलेली बाई त्या केकच्या तुकड्याची किंमत एप्रिलमध्ये मोजते.

अंधारात जायचं असल्याने बिबट्याचं भान ठेवा. हा ऊसपट्टा बिबट्याचाही आहे आणि तोडणी सुरू झाली की त्याचा आडोसा रोज कमी होतो. चालत जाऊ नका. गाडीने जा, दोघी मिळून जा, नऊच्या आत परत या. मुलांना घेऊन बसाल तेव्हा ती मधोमध असावीत, उसाच्या कडेला नाहीत. फडात बछडे सापडले तर हात लावू न देता वनखात्याला १९२६ वर कळवायचं. मादी बहुतेक वेळा रात्री येऊन पिल्लं नेते, आणि पिल्लं हलवली तर तिथेच घिरट्या घालत राहते.

आता वही. दोनशेपानी, आणि एका कोपीला एक पान. बाईचं नाव वर लिहा, नवऱ्याचं खाली. यादी नवऱ्याच्या नावाने केली की वस्तू घ्यायला तो येतो आणि तो तर यार्डात असतो. मग गाव-तालुका, कोपीत रात्री झोपणारी माणसं वयासकट, कुणी गरोदर असेल तर कितवा महिना, पाच वर्षांखालची मुलं, रेशनकार्डाचा प्रकार आणि ते कार्ड आत्ता कुठे आहे, बैल किती. कोयता मोजू नका. कोयता म्हणजे जोडपं, तो मुकादमाचा हिशेब. एका कोपीत एक कोयता, सासू आणि चार पोरं असू शकतात, शेजारच्या कोपीत नुसतंच नवं जोडपं. 'कोपीला एक' असं वाटप झालं की भांडण इथूनच पेटतं.

पहिल्या फेरीत काही कबूल करू नका. एकच प्रश्न नीट विचारा: रात्री गारठा कुठून लागतो? दहातल्या आठ जणी 'खालून' म्हणतील. ब्लँकेटं बाजारात का जातात त्याचं उत्तर इथे आहे. पांघरूण प्रत्येकाने गावाहून आणलेलंच असतं. कोपी उभी असते काळ्या जमिनीवर, पाणी दिलेल्या रानाच्या कडेला, वरून दव. अंगावर दोन ब्लँकेटं घेतली तरी पाठ ओलीच राहते. दुसरं ब्लँकेट निरुपयोगी म्हणून ते विकलं जातं. त्यात लबाडी नाही, हिशेब आहे.

म्हणून पैसा जमिनीवर घाला. प्रत्येक कोपीला तीन थर लागतात. सर्वांत खाली ६ × ९ फुटांची जाड ताडपत्री. तिच्या कडा चारी बाजूंनी वीतभर वर दुमडून खाली विटा किंवा मातीचा बांध द्यायचा, नाहीतर दवाचं पाणी कडेने आत येतं आणि ताडपत्रीचं ताट होऊन बसतं. तिच्यावर पाचट (उसाची वाळकी पानं), पण मोकळं नाही. मोकळ्या पाचटात विंचू आणि उंदीर येतात, उंदरामागे साप येतो, आणि चुलीची एक ठिणगी पुरते. रिकाम्या खताच्या गोण्या दोनदा धुऊन, उन्हात वाळवून, त्यांत कोरडं पाचट दाबून भरायचं आणि तोंड सुतळीने शिवायचं. चार माणसांना साधारण सहा गोण्या लागतात, त्या एकमेकींना टाचल्या की रात्री सरकत नाहीत. कीटकनाशकाची पिशवी किंवा गोणी यात कदापि येऊ देऊ नका. पाचट फुकट आहे, पण ते दुपारी तीनच्या सुमाराला गोळा करा, सकाळचं दवाने भिजलेलं असतं आणि आठ दिवसांत कुजून वास मारतं. आठवड्यातून एकदा गोण्या उन्हात उलट्या टाकायला सांगायचं.

तिसरा थर वाकळ. जुन्या सुती साड्यांची, पाच-सहा पदरी, धावदोऱ्याने शिवलेली. एका वाकळीला चार ते पाच साड्या लागतात. रोज दीड-दोन तास बसणाऱ्या बाईला एक वाकळ पुरी करायला आठ-दहा दिवस. म्हणजे साठ वाकळींना पॅरिशमधल्या तीस बायका आणि प्रत्येकी दोन. नायलॉन, जॉर्जेट, शिफॉन घेऊ नका. देणारीला वाईट वाटलं तरी परत करा. चुलीपासून हातभर अंतरावर झोपणाऱ्या माणसाच्या अंगाला वितळून चिकटणारं कापड आपण शिवून द्यायचं नाही. त्याच कारणाने स्वस्तातलं कृत्रिम धाग्याचं ब्लँकेटही नको. सोलापुरी चादर चांगली, पण ती पांघरायला. खाली घातली तर ओल धरते आणि वाळायला दोन दिवस घेते.

हे सगळं देताना रांग लावायची नाही. रोज संध्याकाळी सहा-सात कोप्या करायच्या, दारात जाऊन अंथरून दाखवायचं आणि वहीत त्याच पानावर बाईची सही किंवा अंगठा घ्यायचा. साठ कोप्यांना नऊ-दहा संध्याकाळी लागतात. 'आम्हाला कधी' असं विचारणारीला वही उघडून तारीख दाखवा. तारीख दिसली की रेटारेटी होत नाही.

एक वस्तू कुणी मागणार नाही, ती तुम्ही द्या: अंघोळीचा आडोसा. बायका पहाटे अंधारात किंवा रात्री उघड्यावर अंघोळ करतात, पाळीच्या दिवसांत तेही टाळतात. आठ फुटी चार बांबू दोन फूट जमिनीत पुरून ५ × ५ फुटांचा चौकोन करा, भोवती गडद ताडपत्री (शेडनेट एकेरी लावलं तर आतून दिवा असताना आरपार दिसतं), खाली एक शहाबादी फरशी आणि पाणी निघायला चर. दहा कोप्यांमागे एक, म्हणजे सहा. जागा मात्र बायकांनाच निवडू द्या. बाहेरच्या माणसाने निवडलेला आडोसा रस्त्याला तोंड करून उभा राहतो आणि मग तिथे सरपण ठेवतात.

रेशनचं काम आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात, कारण महिना त्याच सुमाराला सुरू होतो. तांदळाची पोती विकत आणून वाटण्याआधी त्यांच्या हक्काचं धान्य इथे मिळतंय का ते बघा. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिना ५ किलो, अंत्योदयला कुटुंबाला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. आधार जोडलेलं असेल तर बीडचं कार्ड नगरच्या दुकानातही चालतं, ई-पॉस मशीनवर कार्डावरच्या कुणाही एकाचा अंगठा लागतो.

तरी धान्य मिळत नाही, ते तीन ठिकाणी अडतं. एक, गावी राहिलेली आजी. समजा कार्डावर सहा नावं, महिना ३० किलो. जोडपं इथे, आजी-आजोबा आणि दोन शाळकरी पोरं गावी. आजी महिन्याच्या सुरुवातीला अंगठा लावते आणि दुकानदार पूर्ण ३० किलो तिच्या नावावर टाकतो. इथे मशीन कोटा संपल्याचं दाखवतं आणि बाईला वाटतं आपलं नाव कापलं. महिना लागायच्या आत गावी फोन करून ठरवा: तिथे २० उचला, इथे १०. धान्य असं थोडं थोडं उचलता येतं, पण दुकानदाराला तसं स्पष्ट सांगावं लागतं.

दोन, अंगठे. कोयता आणि उसाच्या पात्याने बोटांची कातडी झिजलेली, चिरलेली असते, मशीन ठसा घेत नाही. रात्री खोबरेल किंवा व्हॅसलीन लावून सकाळी हात धुऊन, पुसून जायचं, अंगठा नाही तर दुसरी बोटं, तेही नाही तर कार्डावरचं दुसरं माणूस, किंवा डोळ्याचं मशीन असलेलं दुकान. ई-केवायसी राहिलेली नावं असतील तर त्याच फेरीत करून घ्या. तीन, 'बाहेरच्यांना माल नाही' म्हणणारा दुकानदार. त्याच्याशी हुज्जत घालू नका. किती कार्डं येणार त्याची यादी नोव्हेंबरातच त्याला आणि तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेला द्या, पोच घ्या. तक्रारीला १९६७ हा क्रमांक आहे, पण यादी आधी दिली असेल तर बहुधा तिथवर जावं लागत नाही.

आरोग्याचं थोडक्यात सांगते, कारण इथे तुमचं काम तपासायचं आणि पोचवायचं, उपचार करायचं नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाचा डावा दंड खांदा आणि कोपर यांच्या मधोमध रंगीत पट्टीने मोजा. पट्टी कातडीला टेकावी, रुतू नये. घट्ट ओढली की धडधाकट पोरही पिवळ्यात जातं. ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ते मूल दुसऱ्याच दिवशी अंगणवाडी सेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडे. ११.५ ते १२.५, म्हणजे पट्टीच्या पिवळ्या भागात, असेल तर पंधरा दिवसांनी पुन्हा मोजायचं. स्थलांतरित म्हणून अंगणवाडीने नाव नाकारायचं नसतं, आणि लसही कुठल्याही आरोग्य केंद्रात मिळते. लसीचं कार्ड गावी राहिलं असेल तर त्याचा फोटो मागवून घ्या.

गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय, ७ च्या खाली असेल तर थेट रुग्णालय. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात, पण दोन गोष्टी सांगितल्या नाहीत तर त्या कोपीच्या छपरात खोचलेल्या सापडतात. शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही. आणि चहासोबत घ्यायची नाही, चहाने लोह अंगी लागत नाही. कोप्यांवर चहा दिवसभर चालतो, म्हणून गोळी रात्री जेवण झाल्यावर. कोयत्याची किंवा पात्याची खोल जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का विचारा. बाळंतपणासाठी १०२ आणि १०८ हे क्रमांक कोपीच्या मेढीला लावलेल्या पुठ्ठ्यावर मोठ्या आकड्यांत लिहा, आणि खाली रस्त्याची खूण लिहा. रुग्णवाहिका उशिरा येते ती बऱ्याचदा 'कारखाना रोडच्या कोप्या' एवढाच पत्ता मिळाल्यामुळे.

मुकादमाशी कसं वागायचं? सामान त्याच्या हाती देऊ नका, तो आधी आपल्या नात्यातल्यांना देईल. त्याला वगळूनही जाऊ नका, पुढच्या वेळी 'सिस्टर आल्यात, कुणी बोलू नका' असा निरोप आधी पोचलेला असेल. पहिल्या दिवशी त्याच्याकडे चहा घ्या, काय करणार ते सांगा, यादी दाखवा. सरपंच, पोलीस पाटील आणि कारखान्याचं शेतकी खातं यांना एकेक साधं पत्र द्या आणि पोच फाइलला लावा.

धर्माबद्दल नियम कडक ठेवा. सामानाच्या पिशवीत चित्र, क्रूस, प्रार्थनेचं पुस्तक, काहीही नाही. देण्याआधी प्रार्थना नाही, 'या रविवारी या' नाही. हे कुणाच्या भीतीने नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावर जी घोषणा केली तिच्यातच म्हटलंय की गरीब आणि अशिक्षित माणसांशी व्यवहार करताना दबावाची छटासुद्धा येईल असं वागणं टाळावं. उघड्या पाठीच्या माणसाला चादर हातात धरून प्रार्थना म्हणायला लावणं हा दबावच आहे. कुणी आपणहून विचारलं, 'तुम्ही हे का करता', तर सरळ उत्तर द्या आणि थांबा. मुलांचे फोटो काढू नका. देणगीदारांना वहीतले आकडे पाठवा.

पंचांग जवळ ठेवा. आगमनकाळ आणि मार्गशीर्ष बहुतेक वर्षी एकमेकांवर येतात. चंपाषष्ठी, दत्तजयंती त्यातच. मार्गशीर्षातल्या गुरुवारी पुष्कळ बायकांचा उपास असतो. त्या दिवशी अंड्याचा केक किंवा जेवण घेऊन गेलात तर हात जोडून परत मिळेल. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन. काही जण मुंबईला किंवा जवळच्या कार्यक्रमाला गेलेले असतात, त्या संध्याकाळी कोप्यांची फेरी ठेवू नका.

१७ डिसेंबरनंतर नवं काही सुरू करायचं नाही. आता लाडू. प्लमकेक विसरा, शहरातून आणलेला केक वाटेत चुरतो, त्यात रम आहे की नाही यावर चर्चा होते, आणि मुलांना तो आवडतोच असं नाही. साठ कोप्यांत साधारण २७० माणसं धरा. १० किलो शेंगदाणे, साडेसहा किलो मऊ गूळ आणि एक किलो तीळ यांचे ३० ग्रॅमचे साडेपाचशेच्या वर लाडू होतात, माणशी दोन. दाणे मंद आचेवर भाजून, साल पाखडून, कोमट असतानाच गुळासोबत कुटायचे; गार झाले की तेल सुटत नाही आणि लाडू फुटतात. कूट बारीक हवं. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अख्खा दाणा अडकतो. कुबट वासाचे, काळे पडलेले दाणे निवडून फेका, भाजून ते बरे होत नाहीत. वळायला कोप्यांवरच्याच चार म्हाताऱ्यांना बोलवा, त्यांना दिवसभर हाताला काम नसतं आणि त्यांचे लाडू तुमच्यापेक्षा गोल होतात.

जेवण २४ च्या किंवा २५ च्या संध्याकाळी सातनंतर, कोप्यांच्या मोकळ्या जागेत. कोणता दिवस, ते गाड्यांचे नंबर बघून बायकांना ठरवू द्या. मसालेभात आणि लापशी पुरे, पदार्थ वाढवू नका. भाताला २८ किलो कोलम, पण एका पातेल्यात नाही. खालचा करपतो आणि वरचा कच्चा राहतो. दोन पातेली, प्रत्येकी १४ किलो तांदूळ, २८ लिटर उकळतं पाणी, ८ किलो वाटाणा-फ्लॉवर-बटाटा, २ लिटर तेल आणि साधारण ४५० ग्रॅम मीठ. पाणी आटलं की झाकणावर वजन ठेवून वीस मिनिटं वाफ. लापशीला १६ किलो दलिया अडीच किलो तुपात खरपूस परतून ५० लिटर गरम पाणी, आणि दलिया पूर्ण शिजल्यावरच १२ किलो गूळ. गूळ आधी पडला की दलिया मऊ होत नाही, कितीही शिजवा. दूध घालायचा मोह आवरा, गुळाने फाटतं. यार्डात अडकलेल्या गड्यांचं जेवण आधी डब्यांत काढून ठेवायचं आणि ते वहीतून मोजून. 'उरलं तर देऊ' म्हटलं की उरत नाही.

बैलांनाही काहीतरी असावं. गाडीवाल्याच्या घरी सण बैलाला सोडून होत नाही. १२० बैलांना प्रत्येकी दोन मुठी भरडा आणि गुळाचा लहान खडा, म्हणजे २४-२५ किलो भरडा पुरतो. जास्त नको, सवय नसलेल्या बैलाचं पोट फुगतं आणि दुसऱ्या दिवशी गाडी उभी.

गोठा तिथल्याच सामानाचा करा: बांबू, वाढं (उसाचे हिरवे शेंडे), थोडं पाचट. चुलींपासून दूर, आणि आत मेणबत्ती नाही. कोप्यांवर मेणबत्त्या वाटणं तर दूरच. पाचटाचं छप्पर पेटलं तर बादलीभर पाणी आणेपर्यंत काही शिल्लक राहत नाही. बॅटरीवरचा एक एलईडी दिवा आणि कागदी तारा पुरेसा. गोष्ट पाच मिनिटांत सांगा, आणि गव्हाण या शब्दावर थांबा. शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत ठेवलं असं आहे. शहरातल्या मुलांना गव्हाण म्हणजे काय ते सांगावं लागतं. इथली मुलं रोज संध्याकाळी बैलांच्या गव्हाणीत वाढं टाकतात, आणि त्यांचे आईबाप तोडतात तो ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडतो. हंगामाची पहिली मोळी तिथेच पुजून टाकलेली असते. सरकारी फर्मानामुळे गावापासून लांब आलेलं जोडपं, बाईचे दिवस भरलेले, राहायला जागा नाही, जवळ गुरं. यातलं एकही वाक्य त्यांना समजावून सांगावं लागणार नाही, तुम्ही सांगूही नका. नंतर गाणी, आणि त्यांचीही. भलरी, भारुड, बंजारा बायका असतील तर त्यांची गाणी. नुसती आपलीच गायलो तर तो कार्यक्रम होतो.

कोप्यांत दोन-चार कॅथलिक कुटुंबं असतीलच. त्यांच्यासाठी फादरांना २४ ला संध्याकाळी साडेसात-आठची एक मिस्सा ठेवायला सांगा. आदल्या संध्याकाळच्या मिस्सेने सणाचं बंधन पुरं होतं, मध्यरात्रीचा आग्रह पहाटे तीनला उठणाऱ्या माणसाला करू नये. आणायला-सोडायला गाडी तुमची. पापनिवेदनासाठी फादरांना आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी कोप्यांवरच आणा.

पैशाचं दोन ओळींत. एकूण रकमेतला निम्म्याहून जास्त भाग अंथरुणावर आणि आडोशांवर गेला पाहिजे. जेवण पाव हिश्शाच्या वर जात असेल तर काहीतरी चुकतंय. परदेशी देणगी वापरत असाल तर ती एफसीआरए (परदेशी देणगी कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेनेच थेट खर्च करायची. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेला वर्ग करता येत नाही, पॅरिशच्या मंडळालाही नाही. रोख २,००० रुपयांच्या वर दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला आयकरात सवलत मिळत नाही, हे आधीच सांगितलं की मार्चमधले फोन वाचतात. वस्तुरूपाने आलेलं सगळं, साड्यासुद्धा, नगावर नोंदवा.

२६ डिसेंबरला कॉन्व्हेंटमध्ये सगळ्या थकलेल्या असतात आणि इथेच बहुतेक ठिकाणी काम सुटतं. २८ ला, निरपराध बालकांच्या सणाला, पट्टी घेऊन पुन्हा जा आणि पिवळ्यातली मुलं मोजा. जानेवारीचं रेशन आजीशी बोलून ठरवा. पाचटाच्या गोण्या जानेवारीत एकदा बदलाव्या लागतात. शाळेची मुलं सोबत आली असतील तर गावच्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक आलंय का बघा, आणि नसेल तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेत तात्पुरतं बसवून घ्या. नाव गावच्या पटावरून उडालं तर जूनमध्ये पुन्हा सगळं पहिल्यापासून. पट्टा पडायच्या आधीच्या आठवड्यात वाकळी धुऊन, वाळवून गाडीत बांधायला सांगा, ताडपत्र्या परत मागू नका. आणि पुढच्या वर्षीच्या साड्यांचं सप्टेंबरातच बघा, हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला सगळ्या पॅरिशमधल्या बायका भेटतात तेव्हा. नोव्हेंबरात मागितल्या की वाकळी शिवायला जेमतेम महिना उरतो.